रमची नोंदवही

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

काल रात्री दाजींच्या परमिट रूममध्ये काउंटरच्या कडेला स्टूल टाकून बसलो आणि रमच्या ऑर्डरींच्या रेघा ओढत गेलो. एकवीस झाल्या. अठरा कोल्यातून, दोन गरम पाण्यातून, एक सोड्यातून. साध्या पाण्यातून रम मागणारा एकही भेटला नाही. शेजारच्या टेबलावरचा व्हिस्कीवाला मात्र पाणी वेगळं, बर्फ वेगळा, ग्लास बदलून द्या, अशा फर्माईशी करत होता.

सत्तावीस वर्षं मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅब सांभाळली. मळी, वॉश म्हणजे आंबवलेली मळी, आणि स्पिरिट यांच्या वासातच नोकरी गेली. गाळप सुरू झालं की सांगलीच्या चारी रस्त्यांना उसाच्या ट्रॉल्या लागतात. त्याच उसाच्या पोटातली ही दारू, पण इथंच तिला सगळ्यात कमी मान. आधी तिच्यावर काळं गोड पाणी ओतायचं आणि मग म्हणायचं, रमला काय चव असते?

सकाळी दाजींना म्हटलं, रम नीट कशी द्यायची याचं एका पानाचं कार्ड करू, वेटर पोरांना शिकवू, आणि जानेवारीत आठ-दहा गिऱ्हाइकांना बसवून चाखवू.

"पाव्हणं, रम म्हंजे कोला लागतोयच की. तुमी रिटायर झालायसा, तुमाला उद्योग पायजे, एवढंच हाय."

खोटं नाही ते. तरी परवानगी मिळाली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी विश्रामबागेत माश्या मारायची वेळ येते, तेव्हा पोरांना काय ते शिकवा म्हणाले. बाटल्यांचा खर्च निम्मा माझा.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

बाटल्या ठरल्या. पाचच घेतल्या. जास्त घेतल्या की नाक गोंधळतं आणि खिसाही.

पहिली ओल्ड मंक. तिच्याशिवाय इथं रमचं बोलणंच सुरू होत नाही. मोहन मीकिनने १९५४ साली काढली, गाझियाबादची. दुसरी अमृतची टू इंडीज. तिच्यात आपल्याकडच्या गुळापासून काढलेली रम आणि वेस्ट इंडीजची रम यांचं मिश्रण आहे. कोल्हापूर-कऱ्हाडच्या गुळाला जागणाऱ्या माणसाने ती चाखायलाच पाहिजे. तिसरी साधी पांढरी. चौथी जमैकाची, दाजींच्या सप्लायरला पुण्याहून मागवावी लागली. पाचवी एक गोडसर डार्क रम. तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण तिच्याबद्दल दाजींना संशय आहे की माल पाणी घालून येतोय. "जिभेला पातळ लागतीया," म्हणतात. ते तपासतो.

मेव्हण्याने गोव्यातून दोन चांगल्या बाटल्या आणतो म्हणून फोन केला. नको म्हटलं. गोव्यात विकायची बाटली आंबोलीचा घाट चढून आली की तिचं नाव बदलतं, आणि परमिट रूमवाल्याच्या शेल्फवर तर नकोच नको.

दाजींनी विचारलं, हे ४२.८ टक्के असलं वाकडं-तिकडं का छापतात, सरळ ४३ का नाही? याचं उत्तर देताना मला लॅबचे दिवस आठवले. तिथं आम्ही टक्के बोलतच नव्हतो, प्रूफ बोलायचो. जुना इंग्रजी हिशोब असा: बंदुकीची दारू रमने भिजवायची आणि काडी लावायची. पेटली तर रम 'प्रूफ', नाही पेटली तर पाणी जास्त. पुढे मोजमाप आलं तेव्हा ती सीमा साधारण ५७.१५ टक्क्यांवर बसली. त्याचे पंचाहत्तर टक्के काढा, ४२.८ येतात. म्हणजे 'पंचवीस अंडर प्रूफ'. इंग्रज गेले, त्यांचं आरमारही आता रम वाटत नाही, पण त्यांचा आकडा आपल्या बाटलीवर अजून बसून आहे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

उद्या मतदान. कालपासून ड्राय डे, काउंटरला कुलूप. लॅबचं काम करायला याच्यापेक्षा बरा दिवस मिळणार नाही.

घरच्या ओट्यावर अल्कोहोलमीटर काढला. हा काचेचा तराफा २० अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो. खोलीत २७ अंश होते. तसंच मोजलं असतं तर आकडा अडीच-तीन टक्क्यांनी फुगून आला असता आणि वाईट माल चांगला ठरला असता. म्हणून नळीतली रम बर्फाच्या पाण्यात धरून २० वर आणली, मगच तराफा सोडला.

पांढरी रम: लेबलाशी जुळली. गोडसर डार्क: लेबलावर ४२.८, तराफा थांबला ४० च्या किंचित खाली.

दाजी शेजारीच उभे होते. "बघा! तीन टक्के गिळले माझे."

मलाही घटकाभर तसंच वाटलं. पण पाणी आणि साखर, दोन्ही या तराफ्याला एकाच बाजूला खेचतात. रममध्ये साखर विरघळली की ती जड होते, तराफा वर उचलला जातो आणि दारू कमी असल्याचं दाखवतो. लिटरला साधारण चार ग्रॅम साखर असली की एक टक्का दडतो. तेव्हा नुसत्या तराफ्यावर कुणावर आळ घ्यायचा नाही.

दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. सराफ मित्राकडून ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा आणला होता, त्यावर रिकाम्या वाट्या मोजल्या. एकीत ५० मिली पांढरी, दुसरीत ५० मिली डार्क. इलेक्ट्रिक शेगडीवर पाण्याचं पातेलं, त्यावर वाट्या, खिडक्या सताड उघड्या, आणि सौ.ला सांगून ठेवलं की दोन तास गॅस पेटवायचा नाही. दारूची वाफ आणि ज्योत यांची गाठ पडता कामा नये.

दोन तासांनी पांढरीच्या वाटीत डाग म्हणावा एवढंच. डार्कच्या वाटीच्या तळाला तपकिरी, चकचकीत, चिकट थर. बोट टेकवलं तर तार निघाली. जिभेला लावलं, गोड, मागून किंचित कडवट, चिक्कीचा पाक जरा पुढे गेल्यावर लागतो तसं. वजन भरलं ०.६१ ग्रॅम, म्हणजे लिटरला बारा ग्रॅमच्या वर. तीन टक्क्यांचा हिशोब तिथंच मिटला. सप्लायरने पाणी घातलेलं नव्हतं. बाटली भरणाऱ्याने गोडी घातली होती.

गोडी घालणं हा काही गुन्हा नाही. युरोपातही रममध्ये लिटरला २० ग्रॅमपर्यंत चालतं. पण गोडीने जीभ फसते, धार कळत नाही, आणि 'किती मऊ आहे' म्हणत माणूस तिसरा पेग भरतो. काळ्या रंगाचंही तेच. लाकडी पिंपात राहून रमला रंग येतो हे खरं, पण साखर करपवून केलेल्या कॅरमेलनेही येतो, आणि तो रंग एका दुपारात चढतो. जास्त काळी म्हणजे जास्त जुनी, हा हिशोब सोडून द्यावा. पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगायचं.

दाजींनी सप्लायरला फोन करायचा बेत रद्द केला. जरा हिरमुसलेच.

रविवार, १ डिसेंबर

बर्फ. यात मी सपशेल आपटलो.

बारमधला बर्फ नळाच्या पाण्याचा, क्लोरीनचा वास मारतो. कोल्यात कळत नाही, नुसत्या रममध्ये पहिल्याच घोटाला कळतो. म्हणून घरी गाळलेल्या पाण्याचा बर्फ लावला, ऐटीत दाजींकडे नेला. ग्लासात टाकला, दाजींनी नाकाशी नेला आणि म्हणाले, "पाव्हणं, ठेचा हाय का सोबत?" फ्रीझरमध्ये शेजारच्या डब्यात सोललेला लसूण होता. बर्फ उघडा राहिला की शेजाऱ्याचा वास पितो, हे मला या वयात कळावं!

दुसरा प्रयत्न जमला. औषधं नेतात तसला छोटा थर्माकोलचा डबा, त्यात उकळून गार केलेलं पाणी, झाकण काढलेलं, आणि फ्रीझरचा तो कप्पा पूर्ण रिकामा, वर स्वच्छ फडकं. डबा चारी बाजूंनी आणि खालून ऊब धरतो, त्यामुळे पाणी वरूनच गोठत खाली जातं, आणि हवेचे बुडबुडे, गढूळपणा सगळा तळाकडे ढकलला जातो. अठरा तासांनी उलटा केला. वरचा मोठा भाग काचेसारखा आरपार, खालचा थोडा पांढरा. ब्रेडच्या करवती सुरीने खाच पाडून, सुरीच्या पाठीवर लाटण्याचा एक ठोका दिला की सरळ दुभंगतो.

दिसायला देखणा असतो हा एक भाग. खरा फायदा असा की मोठा तुकडा सावकाश वितळतो. बारीक चुऱ्याला चारी बाजूंनी पाणी सुटतं आणि पाच मिनिटांत रमचं सरबत होतं.

गुरुवार, ५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. लॉनवर दोन टेबलं, तीही पनीरवाली. आज ग्लास आणि नाक.

सहा प्रकारचे ग्लास मांडले. बारमधला सरळसोट जाड बुडाचा, व्हिस्कीचा रुंद, ब्रँडीचा फुगीर, वाइनचा लहान, चहाचा कटिंग ग्लास, आणि एक ट्यूलिपसारखा, पोटाला फुगलेला आणि तोंडाला आवळलेला. प्रत्येकात १५ मिली ओल्ड मंक. सरळ ग्लासातून वास सगळीकडे उडतो, हाती काही लागत नाही. ब्रँडीचा फुगा दिसायला राजेशाही, पण सगळी दारूची वाफ कोंडून एकदम नाकात मारतो. सिनेमातल्या खलनायकाने खुशाल वापरावा. ट्यूलिप जिंकला. त्याच्या मागोमाग वाइनचा लहान ग्लास, आणि ते दाजींच्या कपाटात डझनभर पडून आहेत. नवी खरेदी शून्य. दाजींचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

वास घ्यायची पद्धत पोरांना दाखवली. वाइनसारखं गरागरा फिरवायचं नाही, त्याने दारूच आधी उसळते. ग्लास हनुवटीपाशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं, आणि सावकाश वर आणायचा. नाक ग्लासात बुडवायचं नाही. झोंबलं तर थांबायचं, स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा आणि परत यायचं. पहिला घोट थेंबभर, नुसता जिभेला ओळख करून द्यायला. त्यावर मत बनवायचं नाही. दुसरा घोट जिभेवर फिरवून गिळायचा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. जे काय कळायचं ते त्या श्वासात कळतं.

मग शब्दांची पंचाईत. मी 'व्हॅनिला, ओक, टॉफी' असं बोलायला लागलो. पोरं माना हलवत होती, लग्नात मंगलाष्टकं ऐकताना हलवतात तशी. शिराळ्याकडचं एक पोरगं आहे, पंचविशी ओलांडलेलं, कामाला येऊन वर्ष झालं. मामा त्याचा गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीतला पाक कधी उतरायचा हे ठरवणारा माणूस. त्याने ग्लास हनुवटीपाशी धरला, डोळे मिटले.

"सर, ह्यो काकवीचा वास हाय. पण ताज्या काकवीचा न्हवं. काहील उतरायच्या आदी बुडाला जरा धरतंय बघा, तवाचा."

मी परत वास घेतला. आणि खरंच, करपायला आलेल्या पाकाचा तो कडवट-गोड वाफारा तिथं होता. सत्तावीस वर्षं मी टॉफी शोधत होतो.

त्याला जमैकाची दिली. "आयला... हितं केळ्याच्या वखारीत गेल्यागत झालं." मग थोडं थांबून, "आन् अननसाची साल. आन् कायतरी रंगाच्या डब्यागत."

तिन्ही बरोबर! केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, अननसाचा इथाइल ब्यूटिरेटचा, आणि रंगाच्या डब्याचा, नेलपॉलिशचा, इथाइल ॲसिटेटचा. हे सगळे एस्टर, म्हणजे वासाची रसायनं, यीस्ट आणि जिवाणूंची करणी. आमच्या डिस्टिलरीत मळी पातळ करून यीस्ट सोडलं की दीड दिवसाच्या आत आंबवण संपलं पाहिजे, आणि पुढे उंच कॉलममधून ९६ टक्क्यांचं स्पिरिट काढायचं, ज्याला वासच नको. या स्पिरिटला, म्हणजे ईएनएला (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल), वास आला तर बॅच परत, म्हणजे मी एस्टर घालवायचा पगार घेत होतो. जमैकावाल्यांचं उलटं. ते आठवडा-दोन आठवडे आंबवतात, मागच्या खेपेचा उरलेला कडवट रस, ज्याला ते डंडर म्हणतात, पुन्हा त्यात घालतात, आणि बुटक्या तांब्याच्या भट्टीत सावकाश काढतात. जे मी हाकलत होतो तेच ते जपतात.

शब्दाची गंमत अशी की गुऱ्हाळावर 'मळी' म्हणजे भेंडीचं पाणी टाकल्यावर रसावर येणारा फेस-मळ, जो काढून टाकायचा. कारखान्यात 'मळी' म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, ज्याच्यावर सगळी डिस्टिलरी उभी. पोरगं आणि मी पाच मिनिटं दोन वेगळ्या मळ्यांबद्दल भांडत होतो.

कार्डावरचे शब्द आता मी ठरवणार नाही. पोरगं सांगेल ते लिहायचं.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज फक्त पाणी. माझ्या मते सगळ्या प्रकल्पात हीच एक गोष्ट कामाची आहे, बाकी हौस.

चार ग्लास, प्रत्येकात ३० मिली ओल्ड मंक. पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात एक चहाचा चमचा म्हणजे ५ मिली पाणी, तिसऱ्यात दोन, चौथ्यात तीन. दारूचं प्रमाण ४२.८ वरून अनुक्रमे ३६.७, ३२.१ आणि २८.५ वर येतं. पाणी गाळलेलं, साधं, फ्रिजमधलं नाही. बोअरचं पाणी वापरून पाहिलं, जड लागतं. नळाचं क्लोरीनमुळे बाद.

कोऱ्या ग्लासात नाकाला आधी धार लागते, मग काकवी. एक चमच्याला धार मागे सरली आणि मागून लाकूड पुढे आलं. दोन चमच्यांना पोरगं म्हणालं, "आता बेदाणा आला." मला सुकं अंजीर वाटलं. त्याचं बरोबर असावं, तासगावच्या बेदाण्याच्या शेडवरही त्याने काम केलंय. तीन चमच्यांना रम पसरट झाली, नुसतं गोडसर पाणी. तर आमच्यासाठी ३० ला १०. जमैकाची जास्त कडक होती, तिला तीन चमचेही पचले.

हे काही आमचं संशोधन नाही. १७४० साली इंग्रज आरमाराच्या ॲडमिरल व्हर्ननने खलाशांना नुसती रम द्यायचं बंद करून एका भागाला चार भाग पाणी घालायचा हुकूम काढला. ग्रोग्रम नावाच्या जाड कापडाचा झगा तो घालायचा, म्हणून लोक त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. त्यावरून त्या पाणीदार रमचं नाव ग्रॉग पडलं. त्याचा हेतू चवीचा नव्हता, खलाशी शुद्धीत राहावेत एवढाच होता. आरमाराने रोजची रम बंद केली ती थेट ३१ जुलै १९७० ला.

पाणी वेगळं, चमचा वेगळा द्यायचा, आणि गिऱ्हाइकाने स्वतः घालायचं. वेटरने आधीच ओतून आणलं तर ती चोरी वाटते. दाजींच्या धंद्यात पाण्याचा संशय सगळ्यात वाईट, तो अनुभव गेल्याच महिन्यात घेतलाय.

तापमानाचं एक लिहून ठेवतो. पुस्तकी सल्ला असतो 'खोलीच्या तापमानाला'. कुणाची खोली? आज संध्याकाळी लॉनवर २१ अंश होते, उत्तम. मे महिन्यात हीच खोली चाळिशीकडे झुकते, तेव्हा बाटलीतून नुसती स्पिरिटची वाफ येते. उन्हाळ्यात बाटली पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. गारठलेल्या रमचं तोंड बंद होतं, वास बाहेरच येत नाही. मोठा बर्फाचा खडाही त्याच कारणाने पहिल्या दोन घोटांनंतरच ग्लासात घालावा.

गुरुवार, १९ डिसेंबर

कोला. दाजींचा आग्रह की हा विषय टाळू नका. बरोबर आहे, अठरा लोक तेच पितात.

मी कोल्याच्या विरोधात नाही. क्यूबात रम-कोला हाच रिवाज आहे, फक्त ते त्यात लिंबू पिळतात, आणि सगळा फरक त्या लिंबात आहे. आपल्याकडे ६० मिली रमवर दोन बारीक खडे आणि काठोकाठ कोमट कोला. शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर. दीडशे मिली ओतला की ग्लासात चार चमचे साखर गेली. आजपासून: ग्लास बर्फाने भरायचा, बाटली थंडगार, ३० मिलीला ९० मिली, कागदी लिंबाची फोड पिळून सालीसकट आत. ढवळायचं एकदाच, खालून वर. दाजींनी पिऊन पाहिला. काही बोलले नाहीत, ग्लास मात्र रिकामा केला.

पांढऱ्या रमचं डायकिरी: ४५ मिली रम, २० लिंबाचा रस, १५ साखरेचा पाक, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बर्फ घालून हात गारठेपर्यंत हलवायचं आणि गाळायचं. हे नाव क्यूबातल्या सँटियागोजवळच्या एका जागेचं आहे. एकदा पाकाऐवजी काकवी घालून पाहिली. रंग गढूळ, चव झकास. कार्डावर नको, घरी करीन.

गरम पाण्याची रम थंडीत चालणारच. पाणी उकळतं नको, वाफेबरोबर दारू थेट नाकात घुसते. दोन मिनिटं निवू द्यायचं, लवंग एक, दालचिनीचा तुकडा, गुळाचा खडा, लिंबू. 'सर्दीवर औषध' हे मात्र कुणी म्हणायचं नाही, पोरांना बजावलंय. दारूने कातडीखालच्या नसा सैलावतात, ऊब आल्याचा भास होतो, आणि अंगातली उष्णता उलट बाहेर जाते.

गुरुवार, २६ डिसेंबर

सोबत काय द्यायचं. शेंगदाणे भाजून, विनामीठ: चांगले. तासगावचे बेदाणे: फार चांगले. साताऱ्याचा कंदी पेढा, खरपूस भाजलेल्या खव्याचा: ओल्ड मंकबरोबर इतका जुळतो की पोरांनी निम्मा बॉक्स संपवला. भडंग: उद्या पाहू.

मंगळवार, ३१ डिसेंबर

आज शिकवणी नाही. साडेनऊला कोला संपला. दाजी माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मीच प्यालो.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

आठ जण आले. एक प्राध्यापक, दोन द्राक्षबागायतदार, एक मिरजेचा दंतवैद्य, बाकी दाजींची रोजची मंडळी. प्रत्येकाचा दारू पिण्याचा परवाना दाजींनी स्वतः पाहिला. चार रम, प्रत्येकी १५ मिली, एकूण ६० म्हणजे एक लार्ज. त्यात साधारण वीस ग्रॅम शुद्ध दारू जाते, हे मी सुरुवातीलाच सांगितलं, आणि गाड्यांच्या किल्ल्या दाजींनी एका ताटात गोळा केल्या. घरी सोडायला दोन रिक्षा ठरवून ठेवल्या होत्या. बागायतदार कुरकुरले. किल्ली मात्र दिली.

क्रम हलक्याकडून जडाकडे: पांढरी, ओल्ड मंक, टू इंडीज, शेवटी जमैका. जमैका आधी दिली की बाकीच्या तिघी पाण्यासारख्या लागतात.

पहिली दहा मिनिटं चुकली, आणि दोष माझा. टेबलावर भडंग ठेवलं होतं. सांगलीत बसून भडंग ठेवायचं नाही, हे मनालाच पटलं नाही. लसूण, मिरची, कढीपत्ता. मंडळींनी सवयीने मूठमूठ तोंडात टाकली आणि पांढऱ्या रमला सगळे एकमुखाने म्हणाले, "तिखट आहे." भडंग उचललं, पाणी दिलं, शेंगदाणे आणले, पाच मिनिटं थांबलो, पुन्हा सुरुवात केली.

ओल्ड मंकला दोन चमचे पाणी घातल्यावर प्राध्यापक गप्प झाले. तीस वर्षं हीच पितोय म्हणाले, आणि ग्लास उजेडाला धरून बघत राहिले, जसं काही कुणी बाटली बदलली. दंतवैद्यांना जमैका आवडली नाही, "दवाखान्यातला वास येतो," म्हणाले. त्यांनी निम्मी सोडली. सोडली तर सोडू द्यावी. चाखणं म्हणजे ग्लास रिकामा करण्याची शपथ नव्हे. एका बागायतदाराला टू इंडीजमध्ये त्याच्या आजोबांचं गुऱ्हाळ आठवलं. तो बराच वेळ चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या एका म्हाताऱ्याबद्दल बोलत होता, आणि त्यात रमचं नाव एकदाही आलं नाही.

शब्द सगळे पोरग्यानेच पुरवले. उभं राहून, हात मागे बांधून, प्रत्येक रमला एक-दोन. कुणी 'टॉफी' म्हटलं नाही.

साडेदहाला संपवलं. रिक्षा दोन कमी पडल्या, तिसरी बोलवावी लागली.

गुरुवार, ९ जानेवारी

कार्ड छापून आलं. एक पान, जाड कागद, तळाला 'पंचवीस वर्षांखालील व्यक्तींना मिळणार नाही' हे दाजींनी आग्रहाने घातलेलं. पन्नास प्रती. पाणी चमच्याने, लिंबू सालीसकट, बर्फ मोठा, सगळं बरोबर.

ओल्ड मंकसमोर मात्र छापलंय: 'वास: करपायला आलेली काकडी, बेदाणा, जुनं लाकूड.'

प्रूफ मी तपासलं होतं. दोनदा. दाजी म्हणाले, राहू द्या, पुढच्या वेळी सुधारू, छपाईचे पैसे झालेत. दुपारी एका गिऱ्हाइकाने कार्ड वाचून ग्लास हुंगला आणि काकडी येतेय म्हणून शेजाऱ्याला सांगितलं.

आत्ता पोरगं काउंटरवर पन्नास कार्डांचा गठ्ठा घेऊन बसलंय आणि काळ्या बॉलपेनने एकेका 'ड'चा 'व' करतंय. सव्वीस झालीत.